नुसत्या आवाजावरून पक्षी ओळखायचा तर

हा पक्षी कोणता, असं तुम्ही विचारलंय : पक्षी दिसत नाही, पहाटे अंधारातच ओरडायला लागतो, फार गोड आवाज, तीन-चार सुरांची शीळ चढत जाते आणि एकदम तुटते, आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन ॲप दर वेळी वेगळं नाव सांगतं. तुमच्या या वर्णनात कामाचं काय असेल तर ‘चढत जाते आणि तुटते’. ‘फार गोड आवाज’ यावरून कोणालाच काही सांगता येणार नाही, निम्मे पक्षी गोडच गातात.

असं चढत जाऊन तुटणारं ओरडणं म्हटलं की माझे पहिले दोन संशयित कोकीळ आणि पावशा. दोघे एकाच कुळातले, दोघे गर्द पानांत दडून बसणारे, विणीच्या दिवसांत रात्रीही गप्प न बसणारे. पट्टी किती उंच याच्या नादी लागू नका, एका हाकेत तुकडे किती ते मोजा. नर कोकिळाची हाक दोन तुकड्यांची, कु-ऊ. पावशाची तीन, पेर्-ते-व्हा, आणि त्यातला मधला सगळ्यात लांब नि उंच. ही हाक तो लागोपाठ पाच-सहा वेळा देतो, दर खेपेला आणखी वर, शेवटी अक्षरशः किंचाळतो आणि गप्प. तुम्ही ‘तीन-चार सुरांची’ लिहिलंय, म्हणून माझा कौल पावशाला. पण चार खरेच असतील तर गोष्ट बदलते, म्हणून नीट मोजा.

ॲपला दोष देण्याआधी एक लक्षात घ्या. ते आवाजाचं चित्र बनवून त्यावरून अंदाज बांधतं. पक्षी लांब असला की सुरुवातीचे हलके सूर फोनपर्यंत पोचतच नाहीत, उंच पट्टीचे तर हवेत आणि पानांत आधी विरतात. अर्धं चित्र मिळाल्यावर नाव बदलणारच. त्याचं उत्तर म्हणजे साक्षीदाराची जबानी, निकाल नव्हे.

मात्र मिनिटाभरात चार नावं आली आणि सगळे आवाज एकाच फांदीवरून येत असतील तर नकलाकार आहे का बघा. कोतवाल शिक्र्याची नक्कल बेमालूम करतो, भृंगराज आणि हरेवा तर त्याहून वस्ताद. आवाजावरून आकार ठरवायला जाऊ नका, शिंपी एवढासा आणि घसा केवढा! दिशेवरही फार विसंबू नका. तांबट टुक-टुक करताना मान फिरवतो आणि आवाज दुसऱ्याच झाडावरून आल्यासारखा वाटतो.

पुढच्या वेळी ऐकल्याबरोबर, नाव शोधायच्या आधी, वहीत एक रेघ काढा : सूर चढला की रेघ वर, उतरला की खाली, थांबला तिथे मोकळी जागा. शेजारी वेळ, महिना आणि आवाज जमिनीलगतचा की शेंड्यावरचा एवढं लिहा. मग झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या संकेतस्थळावर कोकीळ आणि पावशा दोघांची ध्वनिमुद्रणं ऐका. एकेकाची तीन-चार तरी ऐका, कारण एकाच जातीचे दोन पक्षी हुबेहूब एकसारखे गात नाहीत.

तेच रेकॉर्डिंग मोठ्याने वाजवून पक्ष्याला बाहेर काढायचा मोह होईल, तो टाळा. विणीच्या काळात त्याला वाटतं हद्दीत दुसरा नर घुसला, आणि तो सगळं सोडून भांडायला येतो. त्यापेक्षा फोन खिडकीच्या कठड्यावर ठेवून अर्धा मिनिट न बोलता रेकॉर्ड करा आणि इथे टाका. तुकडे मी मोजून सांगतो.