वाचक विचारतात : घरातली बुरशी

प्रश्न : जुळे सोलापुरात पहिल्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. हॉलमध्ये सोफ्याच्या मागे, जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत भिंतीवर काळे-हिरवट ठिपके उठतात. दरवर्षी एप्रिल-मेमध्ये येतात, जून-जुलैत वाढायचे थांबतात. दोन वर्षांपूर्वी वॉटरप्रूफ रंग मारून घेतला, तरी पुन्हा तेच. आता पेंटर पुट्टी करून परत तोच रंग मारू म्हणतो. आमच्याकडच्या रखरखीत उन्हाळ्यात बुरशी येतेच कशी?

उत्तर : पेंटरला तूर्त थांबवा. तुम्ही महिना लिहिलात, त्यातच अर्धे उत्तर आहे. भिंत पावसाने ओली होत असती तर ठिपके सप्टेंबर-ऑक्टोबरात दिसले असते, कारण सोलापूरचा जोराचा पाऊस बहुधा तेव्हाचा. नळ झिरपत असता तर बारा महिने दिसले असते. फक्त उन्हाळ्यात येतात, याचा अर्थ पाणी कूलरचे. त्यातही दोष कूलरपेक्षा बंद खिडक्यांचा.

मे महिन्यात दुपारी बाहेरची हवा इतकी कोरडी असते की त्या हवेत भिंतीवर बुरशी धरत नाही. पण मोठा डेझर्ट कूलर तासाला पाच-दहा लिटर पाणी वाफ करून खोलीत सोडतो. गारवा बाहेर जाईल म्हणून खिडक्या लावून घेतल्या की ती वाफ आतच कोंडते. दमटपणा ८० टक्क्यांच्या आसपास बराच वेळ टिकला की बुरशीला रंगातला चिकट अंश, धूळ आणि कागद एवढे खाणे पुरते. सोफ्यामागे हवा हलत नाही, म्हणून सुरुवात तिथून होते.

कूलर खिडकीच्या बाहेर हवा, त्याने बाहेरची कोरडी हवा ओढली पाहिजे. समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार निदान कूलरच्या तोंडाएवढे उघडे ठेवा. त्या फटीपाशी कागदाची पट्टी धरा. ती बाहेरच्या दिशेने फडफडली तर हवा खेळते आहे. बहुतेकांना हे पटत नाही, पण खिडकी उघडल्यावर खोली जास्त गार होते, कारण दमट हवेत कूलर चालतच नाही. आर्द्रता दाखवणारे छोटे डिजिटल यंत्र काही शे रुपयांना मिळते. आकडा ६० च्या खाली असावा. ७० च्या वर गेला तर पंप बंद करून नुसता पंखा चालवा. रात्री कूलर बंद करण्यापूर्वी अर्धा तास पंप बंद, पंखा चालू ठेवला की कूलरच्या जाळ्यांतले गवत सुकते, नाहीतर बुरशीचा पहिला मळा त्या गवतातच लागतो. गवत दर हंगामात नवे घाला. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा, त्याने डेंग्यूचे डासही टळतात. सोफा भिंतीपासून निदान चार-सहा इंच पुढे ओढा.

आता भिंत साफ करणे. तीन फूट बाय तीन फूट एवढ्या भागापर्यंत घरच्या घरी करता येते, त्याहून मोठा भाग असेल किंवा गिलावाच पोकळ वाजत असेल तर गवंडी लागेल. मुले, दमेकरी, गर्भवती आणि पाळीव जनावरे यांना दुसऱ्या खोलीत नव्हे, शक्यतो घराबाहेर पाठवा. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, चष्मा घाला. खिडकी उघडा, पंखा बंद ठेवा. कोरड्या झाडूने किंवा ब्रशने ठिपके झटकू नका, कारण त्याने बीजाणू घरभर उडतात. एक लिटर कोमट पाण्यात चमचाभर भांडी घासायचे लिक्विड घालून भाग आधी ओला करा, मग घासा आणि जुन्या फडक्याने पुसून घ्या. फडकी पिशवीत बांधून फेका.

टाइल किंवा ऑइल पेंटवर डाग उरला तर एक लिटर पाण्यात ६० मिली घरगुती ब्लीच मिसळून लावा, दहा मिनिटांनी धुऊन काढा. इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. ब्लीचसोबत संडासाचे ॲसिड, व्हिनेगर किंवा अमोनिया असलेले क्लीनर कधीही वापरू नका. ॲसिडने क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. डिस्टेंपर, पीओपी किंवा चुन्याच्या भिंतीवर ब्लीचचा फार उपयोगही नाही. औषध वरच राहते, पाणी मात्र आत मुरते आणि खालच्या बुरशीला तेच हवे असते. तिथे सुटलेला थर डागाच्या फूटभर पुढपर्यंत ओला करून खरवडायचा.

वॉटरप्रूफ रंग का टिकला नाही, तर तो ओल आलेल्या भिंतीवर बसला. भिंतीतले पाणी बाहेर पडायला वाट शोधते आणि रंगाचा पापुद्रा ढकलून देते. रंगाआधी परीक्षा करा. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा, दोन दिवस ठेवा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दव दिसले तर पाणी भिंतीतून येते. बाहेरच्या बाजूला दिसले तर खोलीतली वाफ आहे. आतून ओल असेल तर कितीही महाग रंग मारा, पैसे पाण्यात.

ज्यांच्याकडे ठिपके बारा महिने आहेत त्यांनी आधी पाण्याचा साठा तपासावा. इथे पाणी रोज येत नाही, म्हणून गच्चीवर टाक्या, खाली हौद, मोरीत पिंपे हे घरोघरी आहेच. पाणी आले त्या रात्री टाकी भरा, सगळे नळ बंद करा, पातळीवर खूण करा. सकाळी पातळी खाली गेली असेल तर पाइप किंवा फ्लशची टाकी गळते. पाणी येते त्याच दिवशी भिंत ओली होत असेल तर टाकीचा बॉल कॉक पाणी अडवत नाही आणि ओघळ भिंतीवरून उतरतो. सप्टेंबरात छताला ठिपके आले तर गच्चीचा उतार, पन्हाळीचे तोंड आणि पॅरापेट (गच्चीचा कठडा) व स्लॅबचा सांधा बघा. चिरा बहुतेक तिथेच असतात.

आणि भिंतीवर जे पांढरे, भुरभुरीत फुगून येते ते बुरशी नसून लोणा असतो, म्हणजे पाण्यातले क्षार. बोअरच्या पाण्याने बांधकाम केलेल्या घरांत तो फार दिसतो. बोटाने पाण्याचा थेंब लावा. लोणा विरघळतो, बुरशी चिखलासारखी पसरते. लोण्याला ब्लीच नको. तो कोरड्या ब्रशने काढायचा आणि ओल बंद करायची.

प्रश्न : आमच्या बेडरूमच्या भिंतीवर काळी बुरशी आहे. आईला मधुमेह आहे, मुलीला दमा. कोरोनानंतर जी ‘ब्लॅक फंगस’ झाली ती हीच का? प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी का?

उत्तर : ती ही नव्हे. २०२१ मध्ये ज्या आजाराने लोक घाबरले तो म्युकरमायकोसिस. त्यातली बुरशी काळी नसतेच. ती रक्तवाहिन्या बंद करते, त्या भागातले मांस मरते आणि ते काळे पडते. बेसुमार वाढलेली साखर आणि स्टेरॉइडचा मारा हे त्या आजाराचे मुख्य आधार होते. भिंतीवर सहसा क्लॅडोस्पोरियम, अस्परजिलस, पेनिसिलियम आणि अल्टरनेरिया या जातींच्या बुरशी असतात. आईची साखर ताब्यात ठेवणे भिंतीपेक्षाही महत्त्वाचे आहे, तरी साफसफाई त्यांनी करू नये.

खरी काळजी मुलीची. ओल आणि बुरशी असलेल्या घरात दमा बळावतो, नाक चोंदते, शिंका, डोळ्यांची खाज, कोरडा खोकला सुरू होतो. दोन-तीन दिवस आजोळी गेल्यावर बरे वाटते आणि घरी परतल्यावर पुन्हा सुरू होते का, ते पाहून डॉक्टरांना सांगा. ही नोंद त्यांना फार उपयोगी पडते. इन्हेलर मनाने बंद करू नका. दम्याच्या रुग्णाला तपकिरी, घट्ट गाठीसारखा कफ पडू लागला तर अ‍ॅलर्जिक ब्राँकोपल्मनरी अ‍ॅस्परजिलोसिसची (अस्परजिलस बुरशीच्या वावड्याने होणाऱ्या फुप्फुसांच्या आजाराची) शंका घ्यावी लागते. छातीच्या फोटोत तो आजार क्षयासारखा दिसतो आणि आपल्याकडे कित्येकांना आधी टीबीची औषधे सुरू होतात. थुंकीची तपासणी आणि रक्तातील आयजीई (वावड्यात वाढणारे प्रथिन) यांवरून फरक कळतो. अवयवरोपण झालेले किंवा केमोथेरपी चालू असलेले कोणी घरात असेल तर भिंत कोरडी होईपर्यंत त्यांना त्या खोलीत झोपवू नये.

भिंतीच्या नमुन्याची तपासणी नको. जात कोणतीही निघाली तरी उपाय एकच : पाणी थांबवणे आणि बुरशी काढणे. धूप-कापूर जाळून बुरशी मरत नाही, उलट धुराने दमा वाढतो.

प्रश्न : साखर पेठेत चादरी-टॉवेलचे छोटे दुकान आहे. पावसाळ्यानंतर खालच्या गठ्ठ्यांना कुबट वास येतो, करडे ठिपके पडतात. वरचे गठ्ठे चांगले असतात.

उत्तर : सूत हेच बुरशीचे खाणे, त्यात न धुतलेल्या मालाला खळ असते. ती पिष्टाची, म्हणजे बुरशीला मेजवानी. खालचे गठ्ठे फरशीची ओल ओढतात. लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून सहा इंच वर आणि भिंतीपासून फूटभर दूर रचा. धुलाईहून आलेला माल हाताला गार लागत असेल तर तो अजून ओला आहे, तो प्लॅस्टिकमध्ये बांधू नका. वास लागलेला माल उन्हात चार-पाच तास टाका, ब्रश दुकानाबाहेर मारा. घरी वापरायच्या चादरी ६० अंशांच्या पाण्यात धुवा, रंग टिकतो का ते आधी कोपऱ्यावर पाहून. रंगीत मालाला क्लोरीनचे ब्लीच लावू नका, रंग उडतो. ठिपका धाग्यात उतरला असेल तर तो जाणार नाही, असा माल कमी भावात काढून टाका. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या कसरीसाठी असतात, बुरशीला त्यांचा उपयोग नाही. कुत्र्या-मांजरांना आणि तान्ह्या मुलांना त्या विषारी ठरतात.

प्रश्न : बार्शीहून आलेल्या पोत्यातल्या शेंगदाण्यांत काही दाणे सुरकुतलेले, हिरवट आहेत, चवीला कडू. भाजून चटणी केली तर चालेल का? नाही तर कुत्र्याला किंवा म्हशीला घालावे का?

उत्तर : तिघांनाही नको. अस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी शेंगदाण्यात अफलाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते यकृतावर घाव घालते, वर्षानुवर्षे पोटात गेले तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. भाजल्याने बुरशी मरते, विष थोडे कमी होते, पण उरतेच. खलबत्त्यात कुटून लसूण-तिखट घातले की कडूपणा झाकला जातो एवढेच, आणि शेंगा चटणीत हाच मोठा धोका आहे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये शेंगदाणा पेंडीने टर्की कोंबड्या हजारोंनी मेल्या, तेव्हा हे विष प्रथम उजेडात आले. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थानच्या सीमाभागात बुरशीचा मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. तेच अन्न खाणारी कुत्रीही कावीळ होऊन मेली.

नुसता खवटपणा निराळा, तो तेल बिघडल्याचा. कडू, डागाळलेला, सुरकुतलेला दाणा मात्र निवडून फेकायचा. पोत्यात असे दाणे जागोजागी दिसत असतील तर पोते परत करा. लाकडी घाण्यावर तेल काढून घेण्याचा विचारही नको, कारण त्या तेलात विषाचा अंश उतरतो आणि बाकीचे पेंडीत राहते. पेंड म्हशीने खाल्ली की विषाचे एक रूप दुधात येते आणि दूध उकळून ते जात नाही. शेंगा साठवताना हलवून पाहा, दाणा खुळखुळला पाहिजे.

कुत्र्याने आधीच खाल्ले असेल तर भूक मंदावणे, उलटी, सुस्ती, गडद पिवळी लघवी, डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर आणि हिरड्यांवर पिवळेपणा यांकडे लक्ष ठेवा. ही लक्षणे कधीकधी काही दिवसांनी दिसतात. बुरशीची भाकरी, ब्रेड, चीज किंवा उकिरड्यातले खाऊन काही तासांत अंग थरथरू लागले, तोल जाऊ लागला तर ते दुसऱ्या जातीचे विष असते, झटके येऊ शकतात. दोन्ही वेळा लगेच पशुवैद्य गाठा, उरलेले अन्न पिशवीत घालून सोबत न्या. मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका, मिठाचीच विषबाधा होते. वाळवलेली कडक भाकरी टिकते, पण दुरडीत दमट फडक्याखाली राहिलेली भाकरी टिकत नाही. ठिपका दिसला तर तेवढा तुकडा तोडून बाकीची जनावराला घालण्याची सवय मोडावी.

प्रश्न : पिंजऱ्यात लव्हबर्ड आहेत. कूलरसमोर ठेवले तर चालतील का?

उत्तर : नको. पक्ष्यांच्या फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात, तिथे अस्परजिलस घर करते आणि नंतर औषध लागू पडणे अवघड जाते. पिंजऱ्याखालचा कागद रोज बदला, भुसा वापरू नका, भिजलेले बाजरी-राळे त्याच दिवशी काढा. श्वास घेताना शेपूट खालीवर हलू लागली किंवा आवाज बदलला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.