दुसरं कोण चालेल?

प्रश्न : आमच्या गावात सरपंचपदाला तिघे उभे होते. वैध 900 मतांची 340, 300 आणि 260 अशी विभागणी झाली. 340वाला निवडून आला, पण 560 जणांना तो नकोच होता. पसंतीक्रमाचं मतदान असतं तर निकाल बदलला असता का?
– एक वाचक, ता. जिंतूर

उत्तर : त्या 560 जणांना तो नकोच होता, हे कशावरून? त्यांना दुसरं कोण चालेल, हे कुणी विचारलंच नाही. पसंतीक्रमात तेच विचारतात: उमेदवारांपुढे आवडीप्रमाणे 1, 2, 3 लिहायचं. तुमच्या गावात कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी निम्म्याहून एक जास्त मतं, 451 झाला असता. तो कुणीच गाठला नाही म्हणून तिसरा बाद, आणि त्याच्या 260 मतपत्रिकांवर 2 कुणापुढे लिहिलाय ते बघायचं. समजा 180 दुसऱ्याकडे गेल्या, 50 पहिल्याकडे, 30 जणांनी 2 लिहिलाच नाही. मग 480 विरुद्ध 390, सरपंच बदलला. पहिल्याकडेच 150 गेल्या असत्या तर तोच राहिला असता, पण ‘मतं फुटली म्हणून आला’ असं कुणाला म्हणता आलं नसतं.

हे नवीन नाही. 1969च्या राष्ट्रपती निवडणुकीत कोटा 4,18,169 होता आणि व्ही. व्ही. गिरी पहिल्या पसंतीच्या 4,01,515 मतांवर अडले होते. तिसरे होते आपले चिंतामणराव देशमुख. ते आणि बाकीचे बाद होऊन दुसऱ्या पसंतीची मतं वाटली गेली, तेव्हा गिरी 4,20,077वर पोचले.

मराठवाड्यातले पदवीधर विधान परिषदेचा आमदार असाच निवडतात. शिक्षक असताना मी त्या मतमोजणीला होतो. मतपत्रिका उघडायची आणि जांभळ्या स्केच पेनचा 1 शोधायचा. एकीवर 1 दोघांपुढे होता. दुसरीवर 1 अगदी बरोबर, पण खाली झोकदार सही! दोन्ही अवैध. शिकलेल्या माणसांची ही मतं. ती सहीची मतपत्रिका बाजूला ठेवताना फार वाईट वाटलं.

तरी सरपंचपदाला ही पद्धत यावी असं मला मनापासून वाटतं. गावात निवडणूक झाली की भावकी वर्षानुवर्षं बोलत नाही. दुसऱ्या पसंतीसाठी विरोधकाच्या ओट्यावरही जावं लागणार असेल, तर प्रचारात त्याच्या घराण्याचा उद्धार करताना उमेदवार दहादा विचार करेल. त्यासाठी कायदा बदलावा लागेल, आणि एक बटण दाबायच्या आजच्या यंत्रावर हे जमणारही नाही. तोवर शाळेत वर्गप्रमुख या पद्धतीने निवडून बघा. चिठ्ठीवर 1, 2, 3 लिहायचं, सही करायची नाही. मोजणी फळ्यावर करा आणि पालकांनाही बोलवा.