‘वर्गनियंत्रण हवे’

खुर्चीत बसायच्या आधीच तिने टाचणवही, म्हणजे पाठाची तयारी लिहायची वही, उघडून माझ्यापुढे ठेवली. पान नीट आखलेलं, प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन सगळं जागच्या जागी, फळ्यावर काढायच्या आकृत्यासुद्धा पट्टी लावून काढलेल्या. आणि खाली निरीक्षकांचा दोन शब्दांचा शेरा: ‘वर्गनियंत्रण हवे’.

“मॅडम, सोडायचंच असेल तर आत्ता सोडलेलं बरं ना? अजून पहिलंच सत्र आहे.”

छात्राध्यापकांची, म्हणजे शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेणाऱ्यांची, शालानुभवाची पहिली फेरी झाली, खऱ्या शाळेत पाठ घेऊन झाले, की हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे येतोच. शब्द तेवढे वेगळे असतात. कुणाचा आवाजच फुटलेला नसतो, कुणाला मुलं ‘बाई’ समजतच नाहीत. एकजण तर म्हणाला होता, “मुलांना कळलंय मॅडम, मी खोटा सर आहे ते.” सगळ्यांच्या मनातलं गणित मात्र एकच: पहिल्याच पाठाला वर्ग हाताबाहेर गेला, म्हणजे हा पेशा आपला नव्हे. तिची गोष्ट तिला विचारूनच लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

झालं होतं ते असं. दुसरीचा वर्ग, एकतीस मुलं, विषय दशक-एकक. आदल्या रात्री जागून तिने काड्यांचे गठ्ठे केले होते, दहा-दहा काड्या आणि वर रबरबँड, शिवाय सुट्या काड्या वेगळ्या. वर्गात शिरली, प्रस्तावना बरी झाली, काड्या वाटायला सुरुवात केली. मागच्या बाकापर्यंत पोचेतो पुढे रबरबँड उडायला लागले होते. कुणाच्या मानेवर बसला, कुणी रडलं, दोघांच्या काड्यांच्या तलवारी झाल्या. ती “शांत बसा, शांत बसा” म्हणत राहिली आणि आवाज वाढतच गेला. तेवढ्यात वर्गशिक्षिका दाराशी आल्या. बोलल्या काहीच नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या. वर्ग चिडीचूप.

“तेच लागलं मला,” ती म्हणाली. “गोंधळाचं एवढं नाही. बाई नुसत्या दारात आल्या हो! ते अंगातच असावं लागतं. माझ्यात नाहीये.”

इथे मी चूक केली, ती सांगितलीच पाहिजे. मी म्हटलं, “होईल गं सवयीने, आत्मविश्वास वाढला की जमतं.” तिने मान डोलावली आणि वही मिटली. माणूस वही मिटतो तेव्हा समुपदेशकाने समजावं की आपण आत्ता जे बोललो ते घरच्यांनी, मैत्रिणींनी आधीच बोलून झालेलं आहे. आत्मविश्वास वाढवायचा कशाच्या जोरावर, हे त्या वाक्यात कुठेच नव्हतं.

पुढच्या भेटीत ‘कसं वाटलं’ हा प्रश्नच मी बाजूला ठेवला. कोरा कागद दिला आणि म्हटलं, वर्गाचा नकाशा काढ. बाक, फळा, दार. आता काड्या वाटायला लागलीस तिथपासून बाई दारात येईपर्यंत तू कुठून कुठे गेलीस ते बाण काढून दाखव. प्रत्येक बाणाशी तुझं तोंड कुणाकडे होतं, पाठ कुणाकडे होती आणि हातात काय होतं, एवढंच लिही.

वीस मिनिटं लागली. चौथ्या बाणाशी ती थांबली. “थांबा. मी सूचना कधी दिली?”

तीच तर शोधायची होती. सूचना तिने शेवटच्या ओळीत वाकून काड्या देता देता दिली होती, वर्गाकडे पाठ करून. तोवर पहिल्या बाकाच्या हातात गठ्ठा येऊन तीनेक मिनिटं झाली होती. सात वर्षांच्या मुलाच्या हातात रबरबँड, करायचं काय ते सांगितलेलं नाही आणि बाईंची पाठ आपल्याकडे. मुलांनी वेगळं काय करायला हवं होतं, हे मला आजतागायत सुचलेलं नाही.

ती पहिल्यांदा हसली, पण लगेच म्हणाली, “पण मग बाईंचं काय? त्या तर काहीच बोलल्या नाहीत.”

जेकब कौनिन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने नेमका हाच प्रश्न धसाला लावला होता. वर्ग नीट चालवणारे शिक्षक आणि न चालवू शकणारे शिक्षक यांचं त्याने चित्रफितींवरून निरीक्षण केलं आणि 1970 मध्ये ते पुस्तकरूपाने मांडलं. त्याला आधी वाटत होतं की फरक दटावण्यात असेल, गडबड झाल्यावर कोण कसं बोलतं त्यात. तसा फरक मिळालाच नाही. फरक होता तो गडबडीच्या आधीच्या क्षणांत: शिक्षकाचं लक्ष चौफेर आहे हे मुलांना जाणवतं का, एकाच वेळी दोन गोष्टी सांभाळता येतात का, एका कामातून दुसऱ्या कामात वर्ग अडखळत जातो की सरळ. म्हणजे ‘शांत बसा’ कुठल्या सुरात म्हणायचं याची तालीम करत बसण्यात फारसा अर्थ नाही. ते म्हणायची वेळ येण्याआधीची तीन मिनिटं महत्त्वाची.

दारातल्या बाईंची गोष्टही याच धाग्यातली. वर्ग गप्प झाला तो त्या क्षणाच्या जादूने नाही. शाळा उघडल्यापासून रोज तीच खूण, तीच जागा, तीच वाट पाहण्याची पद्धत, हे सगळं त्या दारात त्यांच्याबरोबर उभं होतं. शिकाऊ माणसाला ते दिसत नाही, आणि याचं कारण मोठं मजेशीर आहे. समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी 1975 मध्ये हिशेब मांडला होता की शालेय शिक्षण संपेपर्यंत माणूस सुमारे 13,000 तास शिक्षकांच्या सहवासात काढतो. इतका वेळ दुसऱ्या कुठल्या पेशाचं काम आपण जवळून पाहत नाही. पण पाहतो ते बाकावरून. शिक्षक वर्गात शिरल्यावर काय करतो ते पाठ होतं. शिरण्याआधी काय ठरवतो, काय मुद्दाम वगळतो, कुणाकडे बघून न बघितल्यासारखं करतो, ते तेरा हजार तासांत एकदाही दिसत नाही. म्हणून वाटतं की हे अंगातच असतं.

मी तिला काम दिलं. पुढचा आठवडा बाईंच्या तासाला बसायचं, पण निरीक्षण वहीत ‘अध्यापन प्रभावी होते’ असलं काही लिहायचं नाही. साहित्य वाटतानाचे बाईंचे हात आणि पाय, एवढंच बघायचं. आणि नंतर त्यांना एक प्रश्न विचारायचा.

“नको हो मॅडम, विचारलं तर त्यांना वाटेल हिला काहीच येत नाही.”

शालानुभव वाया कशाने जात असेल तर या भीतीने. पाठ बिघडल्याने एवढं नुकसान होत नाही. छात्राध्यापक मागच्या बाकावर बसून सुबक अक्षरात वही भरतात, वर्गशिक्षिकेला वाटतं हे आपलं परीक्षण करायला बसलेत, आणि दोन्हीकडून कुणी चकार शब्द काढत नाही. मी त्या बाजूच्या शिक्षिकांशीही बोलले आहे. आपल्या वर्गात परकं माणूस वही घेऊन बसलंय याचं दडपण त्यांनाही असतं. ‘मला काही सूचना द्या ना’ म्हटलं की त्यांना काय सांगावं तेच कळत नाही. ‘काड्या वाटायच्या आधी तुम्ही त्या मुलीला उभं का केलंत?’ असं विचारलं की मात्र त्या खुलतात. प्रश्न जितका बारीक, तितकं विचारणाऱ्याचं अज्ञान कमी दिसतं. उलट वाटतं की हिने नीट पाहिलं आहे.

ती आठवड्याने आली तेव्हा वही मिटलेली होती, पण बोलणं थांबत नव्हतं. बाई साहित्य हातात घ्यायच्या आधीच सूचना देतात. मग एकाला उभं करून म्हणतात, “सांग, आता आपण काय करणार आहोत?” त्याने सांगितलं की दुसऱ्याला. तेव्हा कुठे काड्यांचा डबा उघडतो, आणि वाटतात मुलंच, ओळीला एक. बाई मधल्या जागेत उभ्या, तोंड वर्गाकडे. “आणि रबरबँड?” मी विचारलं. “नाहीतच! दोऱ्याने बांधलेत गठ्ठे.” बाईंना तिने विचारलंही होतं, वर्ग असा गप्प कसा होतो म्हणून. त्यांनी सांगितलं, “सोमवारी पहिल्या तासाला माझ्याकडेही होत नाही. तेव्हा मी नवीन काही घेतच नाही.”

या उत्तराने माझ्या दोन भेटींहून जास्त काम केलं, हे मोकळेपणाने कबूल करते.

आता थोडं त्या शेऱ्याबद्दल. मला तो आवडत नाही. चुकीचा आहे म्हणून नाही, अर्धा आहे म्हणून. नव्या शिक्षकांच्या अडचणींवर झालेली 83 संशोधनं सायमन वेनमन यांनी 1984 मध्ये एकत्र तपासली, तेव्हा पहिल्या क्रमांकाची अडचण वर्गातली शिस्त हीच निघाली. म्हणजे जो शेरा जवळपास प्रत्येकाच्या वहीत लिहिता येईल, तो लिहून एकट्या तिला काय कळणार? आणि पहिल्याच फेरीत एकतीस मुलांपुढे पूर्ण तास कशाला? सूक्ष्म अध्यापनाची पद्धत स्टॅनफर्ड विद्यापीठात 1963 च्या सुमारास आकाराला आली ती याच विचारातून: थोडी मुलं, थोडी मिनिटं, एका वेळी एकच कौशल्य. प्रशिक्षणात ती शिकवली जाते, पण बहुतेकदा आपल्याच वर्गमित्रांना ‘विद्यार्थी’ बनवून. तेवीस वर्षांचं माणूस सात वर्षांचं असल्याचं नाटक फार वाईट करतं.

आम्ही मग तिच्यापुरती पायरी बनवली, वर्गशिक्षिकेच्या संमतीने. चार दिवस फक्त पाच मुलांचा गट, दहा मिनिटं. एकच पथ्य: प्रश्न विचारल्यावर बोटाची तीन पेरं मोजायची, तोवर तोंड उघडायचं नाही. मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात दाखवलं होतं की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबलं तर मुलांची उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. तिसऱ्या पेरावर जीव जातो, असं ती म्हणाली. पण मोजली.

सगळ्यांचं असंच होतं असं नाही. काहींनी सोडलेलं बरं असतं, आणि मी तसं बोलूनही दाखवते. भीती हे त्याचं लक्षण नव्हे. आठवड्यांमागून आठवडे गेले तरी मुलांचा सहवासच नकोसा वाटत असेल, मधल्या सुट्टीत एकाही मुलाशी बोलावंसं वाटत नसेल, तर तिथे वेगळा विचार करायचा. आणि रोज सकाळी उलटी होणं, झोप उडणं इथवर गोष्ट गेली असेल तर आधी डॉक्टर, पेशाचा निर्णय नंतर.

बाकीच्यांसाठी मी एका साध्या गोष्टीकडे कान देते: वाक्यांचा कर्ता. फ्रान्सिस फुलर यांनी 1969 मध्ये शिकाऊ शिक्षकांच्या काळज्यांचा क्रम मांडला होता. आधी स्वतःची काळजी, मी तगेन का, मला मान मिळेल का. मुलं शिकताहेत का ही काळजी पुष्कळ उशिरा. जिन्याच्या पायऱ्यांसारखा तो क्रम घट्ट नसतो, माणसं वरखाली करत राहतात. पण दिशा कळते. पहिल्या भेटीत तिचं जवळजवळ प्रत्येक वाक्य ‘मी’ने सुरू होत होतं.

चौथ्या भेटीला ती उशिरा आली, पुन्हा पूर्ण वर्गाचा पाठ घेऊन. तो कसा झाला हे मीच विचारायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं. तिने विचारू दिलं नाही.

“मॅडम, खिडकीपाशी एक मुलगा बसतो. त्याला गठ्ठा दिला की तो सोडतो. दहा काड्या मोजतो, परत बांधतो, पुढच्या गणिताला परत सोडतो. दहा आहेत हे त्याला माहितीये, तरी. बाकीची एक दशक म्हणून बाजूला ठेवतात, आणि हा दर वेळी मोजतो. त्याला गठ्ठ्यावर विश्वासच नाहीये. असं का होत असेल?”

मला माहीत नव्हतं. म्हटलं, बाईंना विचार.

“विचारलं. त्या म्हणाल्या, सोडू दे त्याला, फक्त किती दिवसांनी सोडायचं थांबवतो ते लिहून ठेव.” टाचणवहीच्या मागच्या पानावर तिने तारखा घातल्या होत्या. पाच दिवस, पाच खुणा.