आपले प्रवास-प्रश्न : पानगळीतला युरोप आणि व्हीगन ताट

प्रश्न : आमच्या लग्नाला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त ऑक्टोबरमध्ये कोणत्याही सहल कंपनीबरोबर न जाता दोघांनीच चौदा दिवस युरोपला जायचे ठरवले आहे. पत्नीने काही वर्षांपूर्वी दूध, दही, तूप आणि मध हे सारे सोडले. मी जन्मापासून शाकाहारी असून प्रवासात तिच्याप्रमाणेच जेवणार आहे. पॅरिस, ॲमस्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना आणि रोम अशी यादी आम्ही केली आहे. मागच्या परदेश प्रवासात तळलेले बटाटे आणि सॅलड यांवरच बहुतेक दिवस काढावे लागले, तसे या वेळी होऊ नये. शहरांची निवड योग्य आहे का आणि जेवणाची आखणी कशी करावी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपणा उभयतांचे मनःपूर्वक अभिनंदन. शहरे सगळी चांगली आहेत, पण चौदा दिवसांत सहा हा आकडा आपल्या आहाराला मानवणारा नाही. व्हीगन, म्हणजे दूध-मधासह कोणताही प्राणिजन्य पदार्थ न खाणाऱ्या, प्रवाशाचा नव्या शहरातला पहिला दिवस भाजी कुठे मिळते, कोणत्या दुकानातले काय चालते आणि जेवणाची वेळ कोणती, हे समजून घेण्यातच जातो आणि खरा निवांतपणा दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो. सहा शहरे म्हणजे असे सहा पहिले दिवस. म्हणून माझा आग्रह तीनच मुख्य मुक्कामांचा आहे : बर्लिनमध्ये पाच रात्री, व्हिएन्नात चार, वाटेत झुरिकला एक आणि शेवटी इटलीतल्या तुरिनमध्ये तीन. बर्लिनला उतरावे आणि मिलानहून परतावे. मधला सारा प्रवास रेल्वेने होतो. सर्वाधिक रात्री जर्मनीत असल्यामुळे शेंगेन व्हिसाचा, म्हणजे या सर्व देशांसाठी चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्जही जर्मनीकडेच करावा लागेल. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि त्यासोबत किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो.

बर्लिन पहिले ठेवण्याचे कारण असे की तिथे व्हीगन जेवण ही खास ठिकाणी शोधण्याची गोष्ट राहिलेली नाही. २०२१ मध्ये तिथल्या विद्यापीठांच्या खानावळींनी आपल्या पदार्थांपैकी ६८ टक्के व्हीगन आणि २८ टक्के शाकाहारी ठेवण्याचे ठरवले, यावरून तिथल्या तरुण पिढीची चव कुठे गेली आहे हे लक्षात यावे. शहराच्या खाण्यावर दुसरी मोठी छाप स्थलांतरितांची आहे. १९६१ च्या जर्मनी-तुर्कस्तान करारानंतर तुर्की कामगार मोठ्या संख्येने आले आणि पुढे अरब देशांतूनही कुटुंबे आली. त्यामुळे नॉयकोल्न भागातल्या झोननआले रस्त्यावर फलाफल, हम्मस, भाजलेली वांगी आणि तिळाची चटणी असे पोटभर आणि स्वस्त जेवण मिळते. मायबाखउफर या कालव्याकाठी मंगळवारी आणि शुक्रवारी तुर्की बाजार भरतो, तो चुकवू नये. ऑक्टोबरात बर्लिनमधल्या लहानमोठ्या उपाहारगृहांच्या फळ्यांवर लाल भोपळ्याचे सूप दिसू लागते. होक्काइडो जातीचा हा भोपळा सालीसकट शिजवला जातो आणि बऱ्याच ठिकाणी त्यात नारळाचे दूध घालतात. तरीही मलई किंवा कोंबडीचे पाणी घातले आहे का, हे दर वेळी विचारावे. मसुराच्या तुर्की सुपालाही हीच अट लागू आहे, कारण त्यावर कधी लोणी सोडलेले असते.

एक गोष्ट निघण्यापूर्वीच पक्की समजून घ्यावी, कारण पुढचे दोन आठवडे तिच्यावरच उभे आहेत. आपल्याकडच्या पाकिटांवरील हिरव्या ठिपक्यासारखे सक्तीचे चिन्ह युरोपात नाही, आणि तो ठिपका असता तरी दूध त्यात चालतेच. तिथे उपयोगी पडतो तो ॲलर्जीविषयक कायदा. डिसेंबर २०१४ पासून लागू असलेल्या युरोपीय संघाच्या नियमांनुसार चौदा घटक पाकिटावरील यादीत ठळक अक्षरांत छापावे लागतात आणि उपाहारगृहांनाही त्यांची माहिती द्यावी लागते. दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी आणि शिंपल्यांसारखे मृदुकाय प्राणी हे सर्व या चौदांत येतात. म्हणजे जर्मन भाषा येत नसली तरी यादीतले ठळक शब्द वाचून निम्म्याहून अधिक शंका फिटतात. मात्र मांस, चरबी, जिलेटिन आणि मध या चौदांत नाहीत, म्हणून जर्मनमधले फ्लाइश, श्माल्त्स, गेलाटिने, होनिग आणि इटालियनमधले कार्ने, स्त्रुत्तो, जेलातिना, मिएले हे शब्द एका कागदावर रोमन लिपीत लिहून खिशात ठेवावेत. पिवळ्या वर्तुळातले हिरवे पान असलेले ‘व्ही-लेबल’ दिसले तर काम आणखी सोपे होते, पण त्याखाली ‘व्हीगन’ लिहिले आहे की ‘व्हेजिटेरियन’, हे पाहायला हवे. दुकानात ओटचे दूध शोधताना ‘मिल्ख’ हा शब्द शोधू नये. २०१७ च्या युरोपीय न्यायालयाच्या निकालामुळे वनस्पतीजन्य पेयांना दूध म्हणून विकता येत नाही; ते ‘हाफरड्रिंक’ या नावाने मिळते.

व्हिएन्नात या कायद्याचा फायदा सर्वांत जास्त होतो. तिथल्या मेनूवर पदार्थाच्या नावापुढे बारीक अक्षरे छापलेली असतात : सी म्हणजे अंडे, डी म्हणजे मासा, जी म्हणजे दूध. ही तीन अक्षरे पाठ झाली की वेटरशी लांबलचक बोलणे न करताही अर्धा मेनू बाजूला काढता येतो. उरलेल्या अर्ध्यासाठी मात्र तोंडी विचारणे भाग आहे आणि त्याचे उत्तम उदाहरण व्हिएन्नाचे बटाट्याचे सॅलड आहे. पाहताना ते पूर्ण निर्दोष वाटते, त्यापुढे ना सी असतो ना जी, पण परंपरेने ते गोमांसाच्या रश्शात मुरवलेले असते. सफरचंदाच्या स्ट्रूडेलचेही तसेच काहीसे आहे : त्याचे पातळ ताणलेले पीठ तेलात मळतात, आणि नंतर त्यावर लोणी फिरवून आत लोण्यात परतलेला पावाचा चुरा भरतात. व्हीगन स्ट्रूडेल हवे असेल तर ते तसे लिहिलेले असेल तिथेच घ्यावे.

या सावधगिरीनंतर आनंदाचा भाग येतो आणि तो खरोखर मोठा आहे. ऑक्टोबरमध्ये व्हिएन्नाच्या चौकाचौकांत निखाऱ्यावर चेस्टनट आणि बटाटे भाजणाऱ्या टपऱ्या लागतात. गार वाऱ्यात कागदी पुड्यातले गरम चेस्टनट सोलून खाणे हा या ऋतूचा सर्वांत साधा आणि सर्वांत पूर्ण आनंद आहे असे मी मानतो. नाशमार्क्ट बाजारात अळंबी, द्राक्षे, अक्रोड आणि भोपळे यांची रेलचेल असते. स्टायरिया प्रांतातले भोपळ्याच्या बियांचे गडद हिरवे तेल साध्या उकडलेल्या बटाट्यावर घालून पाहावे आणि एक लहान बाटली घरीही आणावी. द्राक्षांचा अर्धवट आंबलेला नवा रस ‘श्टुर्म’ या नावाने याच काळात मिळतो. त्यात मद्यार्क असतो, एवढे जाणून निर्णय घ्यावा. लग्नाच्या वाढदिवसाचे खास जेवण कुठे घ्यावे असे विचाराल, तर मी व्हिएन्नाच सुचवीन. तिथले ‘तियान’ हे ‘मिशेलिन’ या प्रतिष्ठित उपाहारगृह-मार्गदर्शिकेचा तारा मिळवलेले शाकाहारी उपाहारगृह आहे. आरक्षण बरेच आधी करावे आणि व्हीगन जेवण हवे असल्याचे त्याच वेळी कळवावे.

व्हिएन्ना ते झुरिक हा सुमारे आठ तासांचा रेल्वेप्रवास आल्प्समधून जातो आणि पानगळीच्या दिवसांत खिडकीबाहेर सोनेरी उतार पाहत शिदोरी सोडण्यासारखे सुख नाही. झुरिक महाग आहे, म्हणून एकच रात्र. तिथे १८९८ पासून चालू असलेले ‘हिल्टल’ हे गिनीज नोंदीनुसार जगातले सर्वांत जुने शाकाहारी उपाहारगृह आहे. बव्हेरियातून आलेल्या आंब्रोसिउस हिल्टल या शिंप्याला संधिवातामुळे डॉक्टरांनी मांस वर्ज्य करायला सांगितले, तो तिथे जेवू लागला आणि पुढे ते उपाहारगृह त्याच्याच कुटुंबाचे झाले. विसाव्या शतकाच्या मध्यावर याच घराण्यातल्या सूनबाई जागतिक शाकाहार परिषदेसाठी भारतात येऊन गेल्या आणि तेव्हापासून भारतीय पदार्थ तिथे रुजले. जेवण वजनावर घेता येते, त्यामुळे दोघांनी थोडे थोडे चाखावे.

तुरिनचे नाव वाचून आपल्याला कदाचित नवल वाटेल, कारण ते ज्या प्रांतात आहे तो पिएमोंते लोणी, अंडी, चीज आणि मांस यांचा प्रांत आहे. तिथल्या ताज्या पास्त्यात अंड्यांचे बलक भरपूर असतात, रिसोत्तो नावाचा भात मांसाच्या रश्शात शिजतो आणि ‘बान्या काउदा’ नावाची भाज्यांसोबतची लसणाची चटणी अँकोव्ही माशांची असते. तरीही २०१६ मध्ये याच शहराच्या महापौर कियारा अपेंदिनो यांनी शाकाहार आणि व्हीगन आहाराचा प्रसार आपल्या कार्यक्रमात घेतला, त्यावर बराच वादही झाला, आणि आज तिथे व्हीगन खाणारा माणूस परका वाटत नाही. पण मी तुरिन सुचवतो ते ‘फारिनाता’साठी. हरभऱ्याचे पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, एवढेच कालवून मोठ्या गोल तांब्याच्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजलेला हा पदार्थ चवीला आपल्या बेसनाच्या धिरड्याचा सख्खा भाऊ आहे. तो कोणी व्हीगन लोकांसाठी शोधून काढलेला नाही. लिगुरियाच्या किनाऱ्यावरून आलेले ते कष्टकऱ्यांचे जुने खाणे आहे, आणि युरोपात वनस्पतीजन्य जेवण शोधताना मला अशाच पदार्थांकडे जाणे अधिक आवडते. बिनचीजचा मरिनारा पिझ्झा, बिनअंड्याचा सुका पास्ता, पोर्ता पालाझ्झोच्या विशाल खुल्या बाजारातली फळे हे सारे त्याच जातीचे. तुरिनच्या जांदुया चॉकलेटचा मूळ ऐवज हेझलनट, कोको आणि साखर असा असून त्यात दूध नसे. आज काही जण ते घालतात, म्हणून यादीतला ‘लात्ते’ हा शब्द पाहावा. रात्रीचे जेवण तिथे साडेसातच्या आधी सहसा मिळत नाही.

तारखांबद्दल थोडक्यात. साधारण १० ऑक्टोबरला निघून २४ च्या आत परतावे. २६ ऑक्टोबरला ऑस्ट्रियाचा राष्ट्रीय दिन आणि १ नोव्हेंबरला ऑस्ट्रिया व इटली दोन्हीकडे सुट्टी असते. महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि मग संध्याकाळ फार लवकर होते. जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी किराणा दुकाने बंद असतात, तेव्हा शनिवारीच सामान भरावे. मोठ्या रेल्वे स्थानकांतली दुकाने तेवढी उघडी राहतात. विमानात ‘व्हीजीएमएल’ या संकेताचे जेवण मागवावे, कारण ‘एव्हीएमएल’ म्हणजे भारतीय शाकाहारी जेवणात दही आणि पनीर येते.

प्रश्न : आमची मुलगी आणि जावई म्युनिकला असतात. त्यांच्याकडे जाताना फराळ नेता येईल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : युरोपीय संघात प्रवाशांना बाहेरच्या देशांतून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ सामानात नेण्यास मनाई आहे. पेढे, बर्फी, श्रीखंडाच्या वड्या आणि साजूक तूप घरीच ठेवावे. तुपातले लाडूही टाळलेले बरे. तेलातला चिवडा, भाकरवडी, चकली, थालीपिठाची भाजणी आणि गोडा मसाला नेण्यास अडचण येत नाही. ताजी फळे आणि भाज्या, कढीपत्त्याच्या जुडीसह, वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. त्यातून नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन यांना सूट आहे.

प्रश्न : आम्ही जैन आहोत, कांदा-लसूण आणि कंदमुळे खात नाही. व्हीगन उपाहारगृहांवर विसंबून आम्हा पती-पत्नींना अशीच सहल करता येईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : केवळ त्यांच्यावर विसंबून नाही. व्हीगन स्वयंपाकात कांदा आणि लसूण मुक्त हस्ताने वापरले जातात आणि वर सांगितलेल्या चौदा घटकांतही ते नाहीत, त्यामुळे मेनूवरची अक्षरे इथे कामाची नाहीत. हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली जागा भाड्याने घ्यावी, लहान प्रेशर कुकर आणि डाळ-तांदूळ बरोबर न्यावेत, आणि बाहेर एक वेळचेच जेवण धरावे. विचारण्यासाठी जर्मन शब्द त्स्वीबेल आणि क्नोब्लाउख, इटालियन शब्द चिपोल्ला आणि आल्यो. साधा फारिनाता बहुधा चालावा, तरी वर कांदा पसरला नसल्याची खात्री करून घ्यावी. विमानासाठी ‘व्हीजेएमएल’ हा जैन जेवणाचा संकेत तिकीट काढतानाच नोंदवावा.