‘तक्रारदार’ कुणाकुणाला म्हणायचं? एक कॉलम, तीन टेबलं

प्रश्न कर्वेनगरमधून आला आहे. विचारणाऱ्या बाई त्यांच्या गृहनिर्माण सोसायटीच्या समितीवर आहेत. तक्रारींची नोंद ठेवायला त्यांनी एका लो-कोड, म्हणजे फारसा कोड न लिहिता ॲप करता येणाऱ्या, साधनावर छोटं ॲप तयार केलं आहे. तक्रार सभासद करतात, भाडेकरू करतात, खालच्या दुकानांचे गाळेधारकही करतात, आणि तिघांची टेबलं वेगळी आहेत. ‘तक्रार कोणाची’ हा एकच कॉलम त्यांना तिन्ही टेबलांना जोडायचा आहे. दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणारा कॉलम म्हणजे ‘लुकअप’, आणि असा अनेक टेबलांकडे बोट दाखवणारा असेल तर त्याला इंग्रजीत ‘पॉलिमॉर्फिक लुकअप’ म्हणतात. ओळखीच्या एका इंजिनिअरने त्याला ‘बहुरूपी स्तंभ’ असं नाव सुचवलं. ॲपमध्ये मात्र सध्या कॉलमच्या डोक्यावर ‘सभासद/भाडेकरू/गाळेधारक’ असं लिहिलेलं आहे. बाई विचारतात, ‘दोन्ही खटकतात. योग्य शब्द कोणता?’

आधी ‘बहुरूपी’ पाहू. ग्रीकमध्ये ‘पॉली’ म्हणजे अनेक आणि ‘मॉर्फी’ म्हणजे रूप, तेव्हा शब्दाला शब्द लावला की बहुरूपीच हाती येतो. पण आपल्याकडे बहुरूपी म्हटल्यावर दारात पोलिसाचा वेष करून येणारा, खोटंखोटं दरडावणारा आणि शेवटी बिदागी मागणारा कलावंत आठवतो. माणूस एक, सोंगं अनेक. तुमच्या कॉलममध्ये गोष्ट उलटी आहे. कॉलम कुठलंच सोंग घेत नाही, तो आहे तसाच राहतो. तो ज्यांच्याकडे बोट दाखवतो ती माणसं मात्र वेगवेगळ्या वह्यांतली असतात. म्हणून इथे मी ‘बहुरूपी’ वापरणार नाही.

‘स्तंभ’ला माझा विरोध नाही, पण ‘रकाना’ अधिक जवळचा वाटतो. शाळेच्या हजेरीपटापासून बँकेच्या स्लिपपर्यंत आपण रकानेच भरत आलो आहोत. बोलताना ‘कॉलम’ आणि ‘टेबल’ म्हणालात तरी काही बिघडत नाही. मायक्रोसॉफ्टनेही २०२० मध्ये डेटाव्हर्स या आपल्या डेटाबेसमधले ‘एन्टिटी’ आणि ‘फील्ड’ हे शब्द सोडून ‘टेबल’ आणि ‘कॉलम’ घेतले. इंग्रजी वापरणाऱ्यांनाही रोजच्या वापरातलाच शब्द बरा वाटला.

आता मुख्य गोष्ट. ही कल्पना मराठी कागदांना अजिबात नवी नाही.

सातबारा उतारा समोर घ्या. भोगवटादाराच्या नावाच्या ओळीत ‘फे.फा.’ असा एक रकाना असतो आणि त्यात नुसता एक आकडा असतो. तेवढा आकडा पुरतो, कारण तो त्याच गावच्या फेरफार नोंदवहीतलाच, म्हणजे गाव नमुना सहामधलाच असणार हे ठरलेलं आहे. तलाठ्याला ‘कुठल्या वहीत बघू?’ असं विचारावं लागत नाही. हा झाला साधा लुकअप : एक रकाना, एक वही.

आता कुठलंही सरकारी पत्र घ्या. ‘विषय’ या ओळीखाली ‘संदर्भ’ असतो. त्यात ‘१) शासन निर्णय क्रमांक अमुक, दिनांक अमुक, २) आपले पत्र क्रमांक तमुक’ असं लिहिलेलं असतं. इथे नुसता आकडा लिहिणारा कारकून तुम्हाला भेटणार नाही. आकड्याआधी तो शासन निर्णयाचा, परिपत्रकाचा की पत्राचा हे लिहावंच लागतं, कारण एकच ओळ अनेक वह्यांकडे बोट दाखवते आहे. पॉलिमॉर्फिक लुकअप म्हणजे हेच. प्रकार आणि क्रमांक अशी जोडी साठवायची, दोन्ही मिळून दुवा पुरा होतो. रुबी ऑन रेल्स या वेब-ॲप बनवायच्या साधनात ही जोडी दोन वेगळ्या कॉलमांत उघडपणे ठेवतात, एकात प्रकाराचं नाव आणि दुसऱ्यात आयडी. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ॲप्स या लो-कोड साधनात कॉलम वरून एकच दिसतो, पण सूत्र लिहिताना ‘इजटाइप’ने हा कोणत्या टेबलातला ते आधी विचारावं लागतं आणि ‘ॲजटाइप’ने त्या टेबलातला म्हणून वाचावं लागतं. त्याशिवाय भाडेकरूची कराराची तारीख हाती लागत नाही, कारण सभासदाच्या टेबलात तो रकानाच नसतो.

मराठीत एक शब्द तर सतत हेच करत असतो : ‘आपण’. ‘आपण उद्या जाऊ’ यात बोलणारा आणि ऐकणारा दोघे आले, ‘आपण कधी आलात?’ यात समोरचा माणूस आदराने आला आणि ‘तो आपण होऊन गेला’ यात स्वतः कर्ता आला. हे वळण आपल्याला क्रियापदावरून आणि प्रसंगावरून कळतं. डेटाबेसला प्रसंग कळत नाही, म्हणून प्रकार लिहून द्यावा लागतो.

मग रकान्याच्या डोक्यावर काय लिहायचं? तिरप्या रेघांची माळ नक्कीच नको. आपल्या अर्जांवर ‘वडिलांचे/पतीचे नाव’ असं वर्षानुवर्षं छापलं जातं. भरलेला अर्ज वाचणाऱ्याला ते नाव वडिलांचं की नवऱ्याचं हे कळायला काहीच मार्ग नसतो. रेघेने दोन वह्या जोडल्या, पण कुठली वही ते सांगितलं नाही. शिवाय उद्या तुमच्या ॲपमध्ये वॉचमनच्या तक्रारी घ्यायच्या झाल्या, तर माळेत चौथा मणी ओवावा लागेल.

‘रहिवासी’ असाही शब्द तुम्ही चाचपून पाहिला असं लिहिलं आहे. तो चालणार नाही. गाळेधारक दुकान बंद करून रात्री घरी जातो, आणि पुण्याच्या कितीतरी सोसायट्यांत सभासद अमेरिकेत असतो व फ्लॅट भाड्याने दिलेला असतो. सभासद आहे, रहिवासी नाही.

नाव टेबलांवरून न ठेवता भूमिकेवरून ठेवा : ‘तक्रारदार’. हा ‘-दार’ फारसीतून आला, अर्थ ‘धरणारा, बाळगणारा’. संस्कृत ‘धृ’ धातूशी त्याचं मूळचं नातं आहे, त्यामुळे तुमच्या ‘गाळेधारक’मधला ‘धारक’ आणि ‘तक्रारदार’मधला ‘दार’ दूरचे भाऊच लागतात. (घराचं दार वेगळं, ते ‘द्वार’वरून आलं.) खातेदार, ठेवीदार, जामीनदार, भोगवटादार या सगळ्या शब्दांत माणूस कोण आहे हे सांगितलेलं नाही, त्याने काय धरलं आहे एवढंच सांगितलं आहे. सातबाऱ्यावर भोगवटादार माणूस असतो, देवस्थान असतं, कंपनीही असते, तरी रकाना एकच पुरतो. शिवाय ‘तक्रारकर्ता’ म्हटलं की ‘तक्रारकर्ती’चा प्रश्न उभा राहतो, ‘तक्रारदार’ बाई असो की पुरुष, तसाच राहतो. मला हा प्रत्यय फार मोलाचा वाटतो आणि नवे शब्द करताना आपण तो विसरतो याचं वाईट वाटतं.

याच वाटेने इतर रकान्यांची नावंही सापडतात. डेटाव्हर्समध्ये ‘ओनर’ हा कॉलम एखाद्या वापरकर्त्याकडे किंवा अख्ख्या टीमकडे बोट दाखवू शकतो. तिथे ‘मालक’ लिहिलं तर तक्रारीचा मालक कोण असा भलताच अर्थ निघतो. ‘जबाबदार’ लिहा, त्यातही तोच ‘दार’ आहे. ‘कस्टमर’ कॉलम कंपनीला किंवा व्यक्तीला जोडता येतो, त्याला ‘ग्राहक’ पुरेसा आहे. आणि ‘रिगार्डिंग’ला, म्हणजे नोंद कशाविषयी आहे ते सांगणाऱ्या कॉलमला, वरच्या पत्रातला ‘संदर्भ’.

राहिला पारिभाषिक शब्द. दस्तऐवजात लिहायला मी ‘बहुसारणी दुवा’ सुचवेन (सारणी म्हणजे टेबल), ‘बहुमजली इमारत’च्या चालीवर. ‘बहुलक्ष्यी’ हाही पर्याय होता, पण ‘लक्ष’ आणि ‘लक्ष्य’ यांची गल्लत इतकी रुजली आहे की त्या वाटेला जाऊ नये. ‘संबंध’ तर नकोच. रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या एडगर कॉड यांच्या १९७० च्या मूळ निबंधातलं ‘रिलेशन’ म्हणजे टेबलच, दोन टेबलांमधलं नातं नव्हे, आणि तो घोळ आधीच पुरेसा झाला आहे.

तुमचं साधन कुठलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. एअरटेबल किंवा ॲपशीट असेल, तर तिथे जोडणीचा एक कॉलम एकाच टेबलाला जोडता येतो. मग सभासद, भाडेकरू आणि गाळेधारक असे तीन रकाने करा, दर ओळीत एकच भरा, आणि ‘तक्रारदार’ हा चौथा रकाना सूत्राने भरू द्या. किंवा तिघांचं मिळून ‘व्यक्ती’ नावाचं एक टेबल करा आणि त्यात ‘प्रकार’ हा रकाना ठेवा. एखादा गाळा बँकेच्या नावावर असला तरी ‘व्यक्ती’ चालेल, कारण १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये व्यक्तीच्या व्याख्येत कंपनीही धरली आहे. दोन्हींपैकी काहीही केलंत तरी यादीत ‘तक्रारदार : १७’ असं दिसू देऊ नका, ‘तक्रारदार : भाडेकरू, १७’ असं दिसू द्या.