प्रोमोत आधी माणूस शोध

अरे, तुझ्या क्रिकेट प्रोमोचा कट पाहिला. तीस सेकंदांत अकरा षटकार, पण माणूस एकही नाही! २०१५च्या विश्वचषकाची 'मौका मौका' ही जाहिरात आठव. त्यात खेळ जवळजवळ नव्हताच. विश्वचषकात भारताला हरवल्यावर वाजवायला १९९२पासून फटाके जपून ठेवलेला पाकिस्तानी चाहता, दर वेळी हिरमुसणारा, वय वाढत चाललेला. आपण त्याला हसलो, पण खरं सांगू, कीवही आली. ते न वाजलेले फटाके हीच सगळी गोष्ट. ग्राफिक्सचं नंतर बघू.

आता कबड्डीचं काम घेतलंयस, तर पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा संकुलात सामना असेल तेव्हा जा आणि मॅटऐवजी प्रेक्षकांकडे बघत बस. चढाईही तीसच सेकंदांची असते, तुझ्या स्पॉटएवढी. तेवढ्यात चेहरे कसे बदलतात ते टिपून घे.

आणि हो, सामन्याची वेळ पडद्यावर जरा जास्त ठेव. मला चष्मा लावूनही वाचता आली नाही.