सायकल बेंगळुरूला पाठवायची, की इथेच विकायची?

जुळे सोलापूरच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. मुलाला बेंगळुरूत नोकरी लागली आहे, खोलीपासून ऑफिस चार किलोमीटर. २०२२ मध्ये ३८,००० रुपयांना घेतलेली त्याची गिअरची सायकल इथे पार्किंगमध्ये धूळ खात उभी आहे. कुरिअरवाला पॅकिंग आणि जीएसटी धरून ७,४०० रुपये मागतो. इथला दुकानदार ती १४,००० ला घ्यायला तयार आहे. मुलगा म्हणतो, विकून टाक, मी इथे नवी घेतो, ४०,००० पर्यंत जाईल. तशीच वापरलेली सायकल तिथे २१,००० ला मिळते, हेही त्यानंच कळवलंय. मे महिन्यात घरच्या लग्नाला तो सोलापूरला येणार आहे. आणि ताई विचारतात, पोस्टातली आरडी मोडून त्याला पैसे देऊ का?

ताई, आरडीला हात लावू नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या तुमच्या आरडीला ५.८ टक्के दर लागलाय. तीन वर्षं झाल्यामुळे ती आता मोडता येते, हे खरं. पण मुदतीआधी मोडली की पोस्ट बचत खात्याच्या दरानं, म्हणजे ४ टक्क्यांनी व्याज देतं, आणि तेही सुरुवातीपासून. महिना २,००० चे चाळीस हप्ते भरलेत तुम्ही. म्हणजे अडीच हजारांच्या आसपास व्याज पाण्यात. अगदीच अडलं तर त्याच आरडीवर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, आरडीच्या दरापेक्षा २ टक्के जास्त व्याजानं. पण कमावत्या मुलाच्या सायकलीसाठी आईनं कर्ज काढावं, हे माझ्या तरी पचनी पडत नाही.

आता सायकल. ते ३८,००० डोक्यातून काढा, ते गेले. आज तिची किंमत दुकानदार देतो तेवढीच, १४,०००. विकून तिथे वापरलेली घेतली तर खिशातून ७,००० जातात. नवी घेतली तर २६,०००. कुरिअरनं पाठवली तर ७,४००. म्हणजे कुरिअर आणि जुनी सायकल यांत चारशेचा फरक, आणि तिथली जुनी कुणी कशी दामटली असेल ते कुणाला माहीत? आपली निदान ओळखीची आहे.

त्या ४०,००० बद्दल मला जरा शंका आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. मूळ किंमत तीच धरली तर तुमची ३८,००० ची सायकल आज ३५,६०० च्या आसपास बसायला हवी. मधल्या काळात कंपनीनं भाव वाढवला असेल, नाही असं नाही. पण चिरंजीवांनी वरचं मॉडेल हेरून ठेवलेलं असण्याची शक्यता जास्त. त्याच्या पगारातून घेऊ दे की, फक्त गरज म्हणून तुमच्याकडे मागू नये.

कुरिअरचा आकडा एवढा का फुगतो, तेही बघा. सायकल तेरा किलोची, पण कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणतात आणि बहुतेक ठिकाणी ५,००० नं भागतात. जे येईल ते वजन. सायकलीचा नेहमीचा खोका १३८ × २० × ७८ चा धरा, त्रेचाळीस किलो होतात. या खोक्याची रुंदी एका सेंटिमीटरनं वाढली की दोन किलोंहून जास्त वजन वाढतं. म्हणजे पॅडल काढायचं राहिलं आणि खोक्याला पोट आलं, तर त्या पोटाचं भाडं तुम्ही भरता.

म्हणून माझं मत: विकू नका, कुरिअरही करू नका. मे महिन्यात मुलगा परत जाईल तेव्हा त्याच्याच तिकिटावर सायकल रेल्वेनं जाऊ द्या. उद्यान आणि कर्नाटक या दोन्ही गाड्या सोलापूरवरून बेंगळुरूला जातात. स्टेशनवरच्या पार्सल ऑफिसात तिकीट दाखवून सायकल 'लगेज' म्हणून बुक करायची. ती त्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात चढते. तिकीट नसेल तर ती 'पार्सल' होते आणि जागा मिळेल त्या गाडीनं जाते. गाडी सुटायच्या अर्धा तास आधी बुकिंग व्हायला लागतं, तिथली रांग बघता दीड-दोन तास आधीच जावं. भाडं, हमाली, बारदान सगळं धरून मी दोन हजार बाजूला काढायला सांगेन. दोन महिने सायकलवाचून त्याचं काही अडत नाही, आताही तो ऑफिसला जातोच आहे.

बुकिंगच्या फॉर्मवर एक रकाना किमतीचा असतो. लोक तो कोरा सोडतात, आणि खरा तोटा तिथे होतो. किंमत जाहीर केली नाही तर सामान हरवल्यावर रेल्वेची जबाबदारी लगेजला किलोमागे १०० रुपये, पार्सलला ५०. तेरा किलोंचे झाले १,३०० किंवा ६५०. चौदा हजारांच्या सायकलीचे! किंमत लिहून वरचा टक्केवारीचा आकार भरला की हे संरक्षण वाढतं. तो आकार भराच. किंमत मात्र आजची लिहा, ३८,००० नको. पावती जपून ठेवा. दाव्याची नोटीस सहा महिन्यांच्या आत द्यावी लागते. आणि बेंगळुरूला उतरल्यावर लगेच ताब्यात घ्यायला सांगा, सवलतीची वेळ उलटली की व्हार्फेज, म्हणजे सामान स्टेशनात पडून राहिल्याचा आकार लागतो.

मुलाचा बेत बदलला आणि सायकल एकटीच जायची वेळ आली, तर आपल्याकडे चादरी-टॉवेलचा माल बाहेरगावी नेणारे ट्रान्सपोर्टवाले आहेतच. गोडाऊन डिलिव्हरी घेतली, म्हणजे माल त्यांच्या गोडाऊनमधून आपणच उचलला, तर घरपोच कुरिअरपेक्षा स्वस्त पडते. पण बिल्टीवर (ट्रान्सपोर्टवाल्याच्या पावतीवर) 'ओनर्स रिस्क', म्हणजे नुकसान झालं तर जोखीम मालकाची, असं छापलंय का ते वाचा, आणि खोका उभाच ठेवायचा, वर गठ्ठे रचायचे नाहीत, हे बिल्टीवर लिहून घ्या. इथे नुकसान झालं तर लेखी नोटिशीची मुदत बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवस.

पॅकिंगचे पैसे कुणाला देऊ नका. रेल्वेला खोका नकोच. खोका दिसला की हमाल तो आडवा टाकून वर दुसरं रचतो. चाकं लागलेली सायकल तो ढकलत नेतो. पॅडल काढा (डावं पॅडल उलट्या आट्याचं असतं, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवल्यावर सुटतं, नेहमीच्या सवयीनं जोर लावाल तर आणखी आवळेल). हँडल सैल करून फ्रेमला समांतर वळवा. मागचा गिअर सर्वांत मोठ्या चक्रीवर आणा, म्हणजे खालचा गिअरचा हात आत सरकतो; त्याच्यावर फोमची घडी बांधा, कारण वाकतो तो हाच. फ्रेमला घरातली जुनी सोलापुरी चादर गुंडाळा, वरून बारदान आणि सुतळी. बेंगळुरूच्या थंडीत चादर त्याला कामी येईलच. नाव, फोन आणि दोन्ही स्टेशनांची नावं बारदानावर रंगानं लिहा, शिवाय एक चिठ्ठी सीटखाली चिकटपट्टीनं लावा, बारदान फाटलं तरी ती राहते. कुरिअर किंवा ट्रान्सपोर्टनंच पाठवायची झाली तर मात्र खोका हवा. नव्या सायकली ज्या खोक्यात येतात तो दुकानदाराकडे मागा, बहुतेकदा फुकट मिळतो. पुढचं चाक काढलं की फोर्कच्या दोन पायांत लाकडाचा तुकडा अडकवा, नाहीतर दाबानं ते जवळ येतात. डिस्क ब्रेक असेल तर पॅडच्या फटीत पुठ्ठा सरकवून ठेवा.

दुकानदाराला आत्ताच नाही म्हणून टाकू नका. मुलाचा प्रोबेशनचा काळ मे पर्यंत संपतोय का, ते विचारा. बदली दुसऱ्या शहरात होणार असेल तर सायकल जुळे सोलापूरलाच राहू द्या आणि ऑफिसचं गाव पक्कं झाल्यावर हाच हिशेब नव्या भाड्यानं मांडा. तोवर चाकांत हवा भरून ठेवा आणि चेनला तेल द्या, म्हणजे दुकानदाराचे १४,००० ही खाली येणार नाहीत.